घरच्या प्लगवर गाडी चार्ज करताना सॉकेट तपकिरी झालंय, चालेल का?

सिडकोवासी (धागाकर्ता) | रविवार, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपूर्वी छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली, बॅटरी 24 युनिटची. घर म्हणजे नाशिकच्या सिडकोतलं जुनं रो-हाऊस. पोर्चमध्ये वॉशिंग मशीनसाठी काढलेला मोठा प्लग होता, 15 अँपिअरचा. गाडीसोबत मिळालेला चार्जर रात्री दहाला त्यालाच लावतो, सकाळी सहाला काढतो. नोकरी सिन्नरला, त्यामुळे एक दिवसाआड तरी चार्जिंग होतंच.

परवा सकाळी पिन काढताना हाताला चटका बसला. टॉर्च लावून बघितलं तर सॉकेटचं उजवीकडचं भोक कडेने तपकिरी पडलंय, आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. एमसीबी मात्र आजवर एकदाही पडलेला नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काही नाही हो, 16 चा एमसीबी आहे तो 32 चा टाकू, म्हणजे लोड घेईल." बायको म्हणाली, आधी कुणा जाणत्याला विचारा. म्हणून इथे विचारतोय. उद्या सिन्नरला जायचंय, बॅटरी 35 टक्के आहे. आज रात्री लावू का?

सातपूर_पहिली_पाळी | रात्री 10:20

नका लावू. 35 टक्क्यांत सिन्नर होईल, येताना हायवेवर कुठे फास्ट चार्जर मिळाला तर तिथे भरा. बाकीचं वाचा सावकाश.

सातपूरच्या एका स्विचगिअर कारखान्यात 27 वर्षं काढली, त्यातली बरीचशी एमसीबीच्या टेस्टिंगला. त्यामुळे एमसीबीचं नाव कुणी काढलं की मला राहवत नाही. एमसीबी कशासाठी असतो? भिंतीतली तार जळू नये म्हणून. त्याला फक्त किती करंट जातोय तेवढं कळतं. तुमची गाडी 13 अँपिअरच्या आसपास ओढते. सॉकेट गार असो की विस्तव झालेलं असो, करंट तेवढाच राहतो. मग एमसीबी पडेल कशाला? तो बिचारा आपलं काम बरोबर करतोय.

उष्णता येते कुठून, तर पिन आणि आतली पितळी पट्टी यांची पकड सैल झाली की तिथे रोध वाढतो. हिशेब सोपा आहे: करंटचा वर्ग गुणिले रोध. 13 चा वर्ग 169. सैल जागी समजा 0.15 ओहम रोध तयार झाला, तर 25 वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचंच असतं. ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून आठ तास चालू ठेवलं तर जे होईल, ते तुमच्या पोर्चमध्ये होतंय.

गंमत बघा. मीटरपासून पोर्चपर्यंत 25 मीटर अंतर धरलं तर 2.5 स्क्वेअर मिमीच्या तांब्याच्या तारेत, जाणं-येणं मिळून, 60 वॅटच्या वर उष्णता जाते. पण ती 50 मीटरभर पसरलेली, तारेला पत्ताही लागत नाही. सॉकेटमधले 25 वॅट मात्र हरभऱ्याएवढ्या जागेत.

आणि 32 चा एमसीबी टाकणं म्हणजे वॉचमनला झोपेची गोळी देणं. 16 चा एमसीबीसुद्धा 18 अँपिअर तासभर तरी गुपचूप जाऊ देतो आणि 23 ला तासाच्या आत पडतो, मानकातच तसं आहे. 32 चा असेल तर हेच आकडे 36 आणि 46 होतात. जुन्या रो-हाऊसची तार तोवर टिकेल का, हे त्या इलेक्ट्रिशियनला विचारा.

पेट्रोलच_बरं | रात्री 10:31

गाडी घ्या, मग तिच्यासाठी घर बदला. आमची आपली टाकी फुल केली की संपलं.

सिडकोवासी | रात्री 10:44

@सातपूर_पहिली_पाळी काका, खूप आभार. आज नाही लावत. एक शंका. घरात 2 किलोवॅटचा गिझर आहे, इस्त्री आहे, त्यांचे प्लग दहा-बारा वर्षं तसेच आहेत. मग गाडीलाच हे का?

तारवाला_पंचवटी | रात्री 11:15

गिझर वीस मिनिटांत बंद होतो, दादा. इस्त्रीचं थर्मोस्टॅट सारखं चालू-बंद होत राहतं. सॉकेटला गार व्हायला उसंत मिळते. गाडी लावली की आठ तास एकसारखं. लायसन्सवर वायरिंगची कामं करतो, गेल्या दोन वर्षांत असे जळके प्लग डझनावारी काढले असतील. निम्मे 6 आणि 16 असे एकत्र भोकांचे, ज्यात छोटी पिनही जाते आणि मोठीही. दोन्ही पिना बसाव्यात म्हणून भोकं मोठी, पकड कोणाचीच धड नाही. गाडीला निव्वळ 16 चं, चांगल्या कंपनीचं सॉकेट घ्यावं. पिन घालताना जोर लागला पाहिजे. सहज गेली तर समजायचं, गेलं ते सॉकेट.

आणखी एक सवय. सकाळी झोपेत लोक चालू चार्जिंगमध्ये पिन ओढतात. आत ठिणगी उडते, पट्टी काळी पडते, पकड आणखी सैल. आधी गाडीच्या बाजूने चार्जिंग थांबवा, मग बटण, मग पिन.

बरं, मला वेगळंच विचारायचंय. नवीन गाडी आणली तेव्हा पहिल्या दिवशी चार्जरच्या डब्यावर लाल दिवा आला होता का?

सिडकोवासी | सोमवार, सकाळी 6:40

हो! आला होता. चार्जिंग सुरूच होईना. याच इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने सॉकेट उघडून पाच मिनिटांत काहीतरी केलं आणि हिरवा लागला. 200 रुपये घेतले. तुम्हाला कसं कळलं?

तारवाला_पंचवटी | सकाळी 7:05

त्या प्लगचा एमसीबी आत्ता खाली पाडा. पाडलात की मला इथे सांगा.

सिडकोवासी | सकाळी 7:12

पाडला. घाबरवू नका हो.

सातपूर_पहिली_पाळी | सकाळी 8:30

मला हे काल विचारायला हवं होतं. तारवाले बरोबर बोलतायत.

पोर्टेबल चार्जर चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासतो. अर्थिंग नसेल तर लाल दिवा. अर्थिंग खरं करायचं तर खड्डा, पाइप, तार, अर्धा दिवस. पाच मिनिटांत हिरवा दिवा बहुतेक वेळा एकाच रीतीने लागतो: सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर तार. चार्जर फसतो, कारण न्यूट्रल पुढे डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेलाच असतो.

आता काय होतं ते नीट बघा. गाडी रबरी टायरवर उभी, जमिनीशी संबंध नाही. तिचा सगळा पत्रा चार्जिंग केबलमधून सॉकेटच्या अर्थ पिनला जोडलेला. तुमच्याकडे ती पिन न्यूट्रलला जोडलेली. सगळं ठीक तोवर ठीक. ज्या दिवशी न्यूट्रलची तार मागे कुठेतरी सुटेल, त्या दिवशी फेज चार्जरमधून न्यूट्रलला, तिथून त्या बोटभर तारेने अर्थ पिनला आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर. 230 व्होल्ट. पोर्च धुतलेला असेल, कुणी अनवाणी दाराला हात लावला, की संपलं.

न्यूट्रल सुटतो कशाने? बहुतेक वेळा स्क्रू तापून-गार होऊन सैल पडतो, तार जळते. सिडकोवासी, तुमचं उजवं भोक तापलं, ते फेजचं. डावं तापून मागची न्यूट्रलची तार सुटली असती, तर नुसता चटका नव्हे, शॉक बसू शकला असता.

गोदेकाठी | सकाळी 9:02

बाप रे. पण काका, जरा जास्तच होतंय का? आमच्याकडेही बिल्डरच्या माणसाने तसंच करून दिलंय. दोन वर्षं झाली, काही झालं नाही.

सातपूर_पहिली_पाळी | सकाळी 9:20

न्यूट्रल सुटला नाही म्हणून. दोन वर्षांत तुम्ही काही केलंत म्हणून नव्हे.

आणि न्यूट्रल सुटलाच पाहिजे असंही नाही. मीटर बदलताना किंवा पेटीत काम करताना कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले तर? दिवे, पंखे, टीव्ही सगळं बिनतक्रार चालेल. गाडीचा पत्रा मात्र त्या क्षणापासून थेट फेजवर.

मीनाताई_पाथर्डीफाटा | सकाळी 10:15

आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. पार्किंगमध्ये सध्या सहा गाड्या आणि अकरा स्कूटर. हा धागा ग्रुपवर टाकलाय, खळबळ आहे. दोन प्रश्न. एक, घरात आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) आहे, मग हे सगळं तो पकडणार नाही का? दोन, तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडतात. त्यांना कसं समजवावं?

सातपूर_पहिली_पाळी | सकाळी 11:40

ताई, आरसीसीबी असेल आणि प्लग त्याच्या पुढे जोडलेला असेल तर माणसाच्या अंगातून करंट जमिनीत जाताच तो पडतो. म्हणून तर हवा. 30 मिलीअँपिअरचा. फक्त पार्किंगच्या प्लगची तार बऱ्याचदा मीटरखालून परस्पर ओढलेली असते आणि आरसीसीबी वर घरात. मग त्याला खालचं काही कळत नाही. तेवढं बघून घ्या. दर महिन्याला त्यावरचं टेस्टचं बटणही दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा.

दुकानात मागितला की साधा म्हणजे एसी टाइपचा हातात देतात. गाडीच्या चार्जरची गळती साध्या लाटेसारखी नसते, त्यासाठी ए टाइप मागायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2019 मध्ये चार्जिंग स्टेशनसाठी सुरक्षेच्या नियमांत भर घातली, त्यात हेच आहे: 30 मिलीअँपिअर, किमान ए टाइप, प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट, सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिमी वर. एक्स्टेंशन वापरायचं नाही हेही त्यातच. नियम स्टेशनचे असले तरी वीज घरात वेगळी वागत नाही. खिडकीवाल्यांना हे छापून द्या.

चार्जरच्या केबलवर जो डबा असतो त्यातही गळती पकडायची सोय असते. पण डब्याला दिसतं ते त्याच्या पुढचं. भिंत आणि डबा यांच्या मधलं, म्हणजे पिन आणि सॉकेट, त्याच्या नजरेच्या मागे. काही चार्जरच्या पिनमध्येच तापमान मोजायचा सेन्सर असतो, तापली की चार्जिंग आपोआप थांबतं. आपल्याला आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा.

तारवाला_पंचवटी | सकाळी 11:58

ताई, खिडकीवाल्यांचं मी सांगतो. बाजारातल्या बोर्डाची तार पाऊण किंवा एक स्क्वेअर मिमीची. 25 मीटर सोडली तर 13 अँपिअरला दीडशे वॅटच्या वर उष्णता नुसत्या तारेत. वर उरलेली तार गुंडाळून ठेवतात. गुंडाळीत हवा खेळत नाही, मधले वेढे वितळून एकमेकांना चिकटतात. मी काढलेत असे.

स्कूटरचं एवढं टेन्शन नाही. तिचा चार्जर सात-आठशे वॅटचा, तीन-चार अँपिअर. भिंतीतल्या चांगल्या 6 च्या सॉकेटवर चालतो. मोठ्या पिनेला कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये गाडी लावणारे महाभाग मात्र आहेत आपल्या गावात.

पेट्रोलच_बरं | दुपारी 12:10

आणि हे म्हणे भविष्य.

मीनाताई_पाथर्डीफाटा | दुपारी 12:25

@पेट्रोलच_बरं दादा, तुमच्या घरी गिझर आहे ना? अर्थिंग बघून घ्या.

दिंडोरीचा_बागाईतदार | दुपारी 2:30

राम राम. आमचं वेगळंच दुखणं. मळ्यात राहतो, गाडी लेकाची. रात्री गावठाण फीडरला 170-180 व्होल्ट येतात, चार्जर मधीच बंद पडतो. ऑटो स्विचच्या पेटीतून, पंपाच्या मोटारीच्या कनेक्शनवरून घेतलं तर चालंल का? आमच्या मेस्त्रीनं कंपनीची पिन कापून दुसरी लावून द्यायची तयारी दाखवली आहे.

तारवाला_पंचवटी | दुपारी 3:10

नका भाऊ. शेतीपंपाचं कनेक्शन पंपासाठी. दुसऱ्या कामाला वापरलं तर विद्युत कायदा 2003 चं कलम 126 लागतं, दंडासकट बिल येतं. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला काहीच अडचण नाही, केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही घरच्या कनेक्शनवर चार्ज करता येतं असंच म्हटलं होतं.

कायदा राहू द्या बाजूला. मळ्याच्या डीपीवर न्यूट्रल तुटला की एका फेजला 150 आणि दुसऱ्याला 300 च्या वर. टीव्ही, फ्रिज उडालेले तुम्ही पाहिले असतील. टीव्ही थोडक्यात दुरुस्त होतो हो, गाडीचा चार्जर उडाला तर खर्च लाखाकडे बघतो. घरच्या मीटरवर जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं रिले बसवा. आणि पिन कापली की वॉरंटी गेली.

सातपूर_पहिली_पाळी | दुपारी 3:45

व्होल्टेज पडतं तेव्हा गाडीच्या मेनूत किंवा चार्जरवर अँपिअर कमी करायची सोय आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत असते. 13 चे 10 केले तर सॉकेटमधली उष्णता 40 टक्क्यांनी उतरते, कारण वर्गाचा हिशेब. वेळ तीस टक्के वाढतो. मळ्यात रात्र मोठीच असते.

अवांतर: द्राक्षं यंदा कशी आहेत?

दिंडोरीचा_बागाईतदार | दुपारी 4:20

अवकाळीनं झोडपली. राहिली ती गोड आहेत. या.

सिडकोवासी | गुरुवार, रात्री 8:15

मंडळी, अपडेट. मंगळवारी रजा टाकली, तारवाल्यांनी सुचवलेल्या ओळखीच्या लायसन्सधारकाला बोलावलं.

सॉकेट उघडलं. मागे हिरवी नव्हे, काळी तार, न्यूट्रल ते अर्थ. बोटभरच. बघून मी खुर्चीवर बसलो. आठ महिने मुलगी शाळेची बॅग गाडीच्या बॉनेटवर ठेवून बूट घालत होती, चार्जिंग चालू असताना.

पुढचं ऐका. भिंतीतून आलेली खरी अर्थची तार होती! सॉकेटपर्यंत आलेली, व्यवस्थित. पण मीटरच्या पेटीत तिचं दुसरं टोक वेटोळं करून टेप लावून ठेवलेलं. पुढे कशालाच जोडलेलं नाही. वीस वर्षं घरातलं एकही अर्थिंग खरं नव्हतं. गिझरसकट. आणि प्लगची तार 2.5 ची असेल असं मी समजत होतो, निघाली दीडची, मध्ये एक जोड, पिळा मारून टेप.

काम असं केलं. पोर्चबाहेर अर्थिंगचा खड्डा. चार फुटांवर मुरूम लागला, मग यंत्राने भोक पाडून अडीच मीटरचा पाइप बसवला. टेस्टरवर 6 ओहम आले. 4 स्क्वेअर मिमीची नवीन तार, जुन्या पाइपातून जाईना म्हणून भिंतीवरून पट्टी मारून नेली, दिसायला वाईट आहे. 20 चा एमसीबी, ए टाइपचा 30 मिलीअँपिअर आरसीसीबी, 16 चं सॉकेट झाकणाच्या पेटीत, जमिनीपासून चार फूट वर. मजुरीसकट साडेअकरा हजार गेले. वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) घेतला असता तरी अर्थिंग नसल्यामुळे त्यानेही लाल दिवाच दाखवला असता, असं तो म्हणाला.

काका, एक विचारायचं राहिलं. 6 ओहम चांगले ना?

सातपूर_पहिली_पाळी | रात्री 8:50

मुरमात 6 म्हणजे छानच. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा, आपल्याकडे खाली काळा पाषाण, जमीन सुकली की आकडा चढतो.

पण नुसत्या अर्थिंगवर विसंबू नका. मे महिन्यात समजा 20 ओहम झाले आणि फेज पत्र्याला लागला, तर 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. 20 चा एमसीबी ढिम्म हलणार नाही. त्या दिवशी तुम्हाला वाचवणार आरसीसीबी. दोघं मिळून काम करतात. आणि पंधरा दिवसांनी पेटीचा एमसीबी पाडून सॉकेटचे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या. नवी तांब्याची तार दबते, स्क्रू सैल होतो.

मीनाताई_पाथर्डीफाटा | रात्री 9:05

आमच्याकडे काल सहाही प्लग तपासून घेतले. दोन ठिकाणी तीच बोटभर तार. एक प्लग जमिनीपासून वीतभर उंचीवर, पावसाळ्यात पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी येतं तिथेच. खिडकीवाल्यांनी बोर्ड वर घेतला, पण माझ्याशी बोलत नाहीत.

सिडकोवासी | रात्री 9:30

काल रात्रभर लावली होती. पहाटे चारला मुद्दाम उठून पिनेला हात लावला. कोमट. झोपलो परत.

त्या आधीच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला होता. म्हणाला, "सगळ्यांकडे असंच करतो, साहेब. कुणाची तक्रार नाही." कुणाकुणाकडे केलंय ती यादी मागितली, तर फोन ठेवला.

गोदेकाठी | रात्री 11:48

मघाशी पार्किंगमध्ये जाऊन एमसीबी पाडून आलो. तारवाले, उद्या सकाळी वेळ आहे का?